काकूंना विचारा : चिंच आधी की डाळ आधी?

प्रश्न : काकू, मी पंचवीस वर्षांचा. सातपूरला कारखान्यात कामाला आहे, अशोकनगरला दोन मित्रांबरोबर खोली. दिवाळीनंतर मेस बंद झाली आणि रोजच्या मिसळ-वडापावनं पोट बिघडलं. मोबाइलवर बघून रोज काहीतरी नवीन करतो, एकही धड जमत नाही. आमटी दोनदा केली, दोन्ही वेळा डाळ कच्ची. सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : चिंच कधी घातलीस ते लिहिलं नाहीस, पण माझा संशय तिच्यावरच आहे. लग्न होऊन पंचवटीत आले त्या पहिल्याच महिन्यात मीही तूरडाळ, पाणी, चिंचेचा कोळ असं सगळं एकदम कुकरमध्ये घातलं होतं. पाच शिट्ट्या झाल्या, आणखी पाच झाल्या, डाळ आपली दाण्याला दाणा. सासूबाई म्हणाल्या, "उसळ छान झालीय हो!" आंबटात डाळ शिजायला फार वेळ घेते. चिंच, टोमॅटो, आमसूल, काय असेल ते डाळ शिजवून घोटल्यावर.

आता आठ दिवस फक्त वरण-भात कर. रोज नवा पदार्थ केलास तर कशात काय चुकलं ते कळायचं कसं? वाटीभर डाळ अर्धा तास भिजव, तीन वाट्या पाणी, हळद, हिंग, थेंबभर तेल. डाळीचं भांडं खाली, तांदळाचं वर. कुकरच्या तळाशी पाणी घालायला विसरू नकोस. तांदूळ घोटीकडचा इंद्रायणी मिळाला तर बघ. तो मुळात चिकट, वाटीला दोन वाट्या पाणी पुरे. चार शिट्ट्या, आणि वाफ जिरेपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही.

जमलं की फोडणी. तेलात मोहरीचा एकच दाणा टाक. तळाशी बसून राहिला तर थांब, ताडकन उडाला तर बाकीची टाक. ती पुरती फुटू दे, नाहीतर दाताखाली कडू लागते. मग जिरं, हिंग, मिरची, कढीपत्ता. मिरचीच्या वेळी तोंड लांब ठेव. हळद गॅस बंद केल्यावरच, ती क्षणात करपते.

भाजी बुधवारी गोदाघाटावरच्या बाजारातून आण, कारखान्याची पाळी आड येत नसेल तर. सध्या आलाय तो लाल कांदा. स्वस्त दिसला म्हणून गोणी उचलू नकोस, तो टिकत नाही. आठवड्यापुरता घे. साठवायला उन्हाळ कांदा, तो मार्च-एप्रिलमध्ये निघेल.

आणि भांडी कोण घासणार ते तिघांनी पहिल्या कुकरच्या आधीच ठरवा. आमच्याकडे चाळीस वर्षं झाली, अजून ठरतंय.