शबाना आझमी : पडदा, फूटपाथ आणि तुमचे प्रश्न

१८ सप्टेंबर २०२५ रोजी शबाना आझमींना पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली. तेव्हापासून त्यांच्याबद्दलची पत्रं येतायत, काही कौतुकाची, काही चांगलीच चिडलेली. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देतोय. सोपा प्रश्न आधी.

राष्ट्रीय पुरस्कार नक्की किती? कुठे चार वाचलं, कुठे पाच. (बार्शी)

पाच. ‘अंकुर’, ‘अर्थ’, ‘खंडहर’, ‘पार’ आणि ‘गॉडमदर’. त्यातले मधले तीन ओळीने तीन वर्षांचे. सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार पाच वेळा दुसऱ्या कुणालाही मिळालेला नाही.

नटनट्या आंदोलनात येतात त्या फोटोपुरत्या, हे आम्ही नेहमी बघतो. शबानांचं १९८६चं उपोषण त्याहून वेगळं कशावरून म्हणायचं? (ठाणे)

शंका रास्त आहे. आंदोलनाच्या मांडवात पंधरा मिनिटं बसून गाडीत चढणारे कलाकार मुंबईने पुष्कळ पाहिलेत. म्हणून या उपोषणाच्या आधी आणि नंतर काय झालं ते पाहू.

१९८१च्या पावसाळ्यात अंतुले सरकारने फूटपाथवरची माणसं उचलून गावी धाडायचा निर्णय घेतला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. जुलै १९८५मध्ये ‘ओल्गा टेलिस’ निकाल आला. जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचा हक्क येतो, हे न्यायालयाने मान्य केलं, पण रीतसर नोटीस देऊन झोपड्या हटवायला सरकार मोकळंच राहिलं. म्हणजे तत्त्व गरिबाच्या बाजूने आणि बुलडोझर महापालिकेच्या बाजूने. त्याच काळात आनंद पटवर्धनांनी ‘हमारा शहर’ हा माहितीपट केला. पाडापाडीत संसार उघड्यावर आलेल्या बायका त्यात कॅमेऱ्याकडे बघून बोलतात. निवारा हक्क सुरक्षा समिती याच धामधुमीतून उभी राहिली आणि शबाना तिच्यात सामील झाल्या.

१९८६मध्ये दक्षिण मुंबईतली संजय गांधी नगर ही वस्ती पाडली गेली. आजूबाजूला देशातली सर्वांत महाग जमीन. तिथले रहिवासी, पटवर्धन आणि शबाना उपोषणाला बसले. शौकतआपा, म्हणजे शबानांची आई, काळजीने अर्धमेल्या झाल्या होत्या. वडील कैफी आझमी तेव्हा पाटण्यात होते. मुलीला समजवा, असा निरोप त्यांना गेला, तर त्यांनी उलट कॉम्रेड म्हणून शुभेच्छांची तार केली. हा किस्सा शबाना नेहमी सांगतात. पाचव्या दिवशी सरकार हललं आणि वस्तीला गोरेगावच्या दिंडोशीत पर्यायी जमीन मिळाली.

आता चिकित्सा. दिंडोशी म्हणजे दक्षिण मुंबई नव्हे. घरकाम, चहाची गाडी, बांधकामावरची मजुरी जिथे होती तिथून माणसं कितीतरी लांब गेली. हा पूर्ण विजय नव्हता. पण ‘पाडा आणि विसरा’ या रिवाजाला त्याने खीळ घातली. सरकारने जमीन दिली याचा अर्थ जमीन देता येते हे कबूल केलं, आणि पुढच्या प्रत्येक वाटाघाटीत समितीला ते पुढे करता आलं.

माझ्या लेखी खरी कसोटी नंतरची आहे. उपोषण सुटल्यावर कॅमेरे जातात आणि मग उरतात रेशनकार्डांच्या झेरॉक्स, पात्र-अपात्र याद्या, कोर्टाच्या तारखा. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली अतिक्रमणं हटवा, असा आदेश उच्च न्यायालयाने १९९७मध्ये दिला आणि हजारो कुटुंबांच्या डोक्यावर टांगती तलवार आली. १९९५ पूर्वीचा पुरावा असलेल्यांना घर द्यायचं होतं, पण सरकारने आधी दाखवलेली जागा थेट कल्याणपलीकडची. समितीने ती नाकारली आणि चांदिवलीत पर्याय उभा केला. वास्तुरचनाकार पी. के. दास यांनी आखलेलं संघर्ष नगर ते हेच. बिल्डरला टीडीआर, म्हणजे दुसरीकडे जास्तीचं बांधकाम करण्याचा हक्क, देऊन झालेला प्रकल्प, त्यामुळे डाव्या मंडळींनी नाकं मुरडली. तिथल्या इमारतींबद्दल रहिवाशांच्या तक्रारीही कमी नाहीत. तरी माणसं पक्क्या छताखाली, मुंबईतच राहिली. या सगळ्यात शबानांचं काम काय? मंत्र्याचं दार उघडून घेणं. त्या दाराशी रहिवासी संघटनेच्या कार्यकर्त्याला दिवसभर बाकावर बसवून ठेवतात, आणि ‘अर्थ’च्या नायिकेला चहा विचारतात. तो चहा घेताना कार्यकर्त्यांना सोबत आत नेणं, हे त्यांनी वर्षानुवर्षं केलं.

कम्युनिस्ट घरातल्या म्हणून चळवळीत आल्या, एवढंच ना? (कोल्हापूर)

एवढंच नाही. बालपण मुंबईच्या रेड फ्लॅग हॉलमध्ये गेलं हे खरं. पक्षाच्या कुटुंबांचा सामायिक संसार, प्रत्येकाला एकेक खोली, न्हाणीघर सगळ्यांत एक. वडील मुशायऱ्यात आणि मदनपुऱ्याच्या कामगारांत, आई इप्टा (डाव्या विचारांच्या कलावंतांची नाट्यसंस्था) आणि पृथ्वी थिएटरच्या नाटकांत. शौकतआपा पोरीला काखोटीला मारून दौऱ्यावर जायच्या. पण अशा घरांतली कितीतरी मुलं पुढे नाकासमोर चालत नोकरी-धंद्याला लागली. शबाना स्वतःही तरुणपणी राजकारणापासून लांबच होत्या. सेंट झेवियर्समध्ये मानसशास्त्र, मग जया भादुरींची पदविका फिल्म बघून भारावून पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट. डोक्यात फक्त अभिनय.

बदल घडवला तो भूमिकांनी, असं मला वाटतं. ‘अर्थ’ (१९८२) घ्या. नवरा दुसरीकडून परत येतो, माफी मागतो. शबानांची पूजा विचारते, मी असं केलं असतं तर तू मला परत घेतलं असतंस? तो प्रामाणिकपणे नाही म्हणतो, आणि ती निघून जाते. वितरकांना हा शेवट नको होता. चित्रपट चालला, आणि अनोळखी बायका शबानांकडे स्वतःच्या संसाराची गाऱ्हाणी घेऊन येऊ लागल्या. चाहतीसारख्या नव्हे, मोठ्या बहिणीकडे यावं तशा. पडद्यावरचं उत्तर देऊन सुटता येत नव्हतं. घरातले संस्कार तिथे कामाला आले, पण हाक बाहेरून आली.

समांतर सिनेमाची सम्राज्ञी म्हणता, मग ‘अमर अकबर अँथनी’मध्ये काय करत होत्या? (नागपूर)

विनोद खन्नांच्या जोडीने मजेत काम करत होत्या! १९७७ हे एकच साल बघा. ‘अमर अकबर अँथनी’, ‘परवरिश’, ‘स्वामी’ आणि सत्यजित राय यांचा ‘शतरंज के खिलाडी’. मनमोहन देसाई आणि राय एकाच वर्षात पचवणारी दुसरी नटी दाखवा. या मसालापटांत त्यांचं काम सुमार आहे, नाचात तर अवघडलेपण लपत नाही. पण श्याम बेनेगल, मृणाल सेन यांच्या समांतर चित्रपटांत मानधन जेमतेम आणि प्रेक्षक शहरी. शबानांना रिक्षावाला ओळखत होता तो मसालापटांमुळे. झोपडपट्टीत पाऊल टाकताच गर्दी जमायची, तीही त्याच पुण्याईवर.

स्मिता पाटील जास्त खरी वाटायची. तुमचं मत? (धुळे)

धुळ्याहून हा प्रश्न आला नसता तरच नवल! स्मिताचं घराणं त्या मातीतलं, शिवाजीराव आणि विद्याताई पाटलांची ती लेक, राष्ट्र सेवा दलाच्या वातावरणात वाढलेली. ‘भूमिका’ आणि ‘चक्र’ बघताना ती अभिनय करतेय हे विसरायला होतं. शबानांकडे कारागिरी दिसते, आणि मला ती दिसणं आवडतं. ‘मंडी’त (१९८३) दोघी समोरासमोर आहेत. शबानांची रुक्मिणीबाई पान चघळत, कुरकुरत, लाडीगोडी लावत कोठा चालवते. तिशीतल्या बाईने अंगावर वजन चढवून वठवलेली ती पोक्त मालकीण मला त्यांच्या पुरस्कारविजेत्या कामांपेक्षाही मोठी वाटते. स्मिता त्याच चित्रपटात एका नजरेत बाजी मारून जाते, तेही खरं.

दोघींमध्ये स्पर्धा होती, मासिकांनी तिला फोडणीही भरपूर दिली. स्मिताबद्दल काही गोष्टी आपण बोलायला नको होत्या, असं शबानांनी नंतर जाहीर सांगितलंय. १३ डिसेंबर १९८६ला स्मिता गेली, अवघ्या एकतिसाव्या वर्षी. पुढची चाळीस वर्षं एकीलाच मिळाली, त्यामुळे तुलना तिथेच थांबवावी.

त्या फक्त एकाच बाजूवर, म्हणजे हिंदुत्ववाद्यांवर, टीका करतात. सोयीचा पुरोगामीपणा नाही का हा? (पुणे; अशाच आशयाची आणखी पत्रं)

पत्रांची भाषा इथे छापण्याजोगी नाही, म्हणून सार दिलंय. उत्तर घटनांनी देतो.

१९८८मध्ये काँग्रेस सरकारच्या काळात पद्मश्री मिळाली. १ जानेवारी १९८९ला साहिबाबादमध्ये पथनाट्य चालू असताना डावे नाट्यकर्मी सफदर हाश्मींवर हल्ला झाला, दुसऱ्या दिवशी ते गेले. आरोप काँग्रेसच्या स्थानिक पुढाऱ्यावर होता. त्याच महिन्यात दिल्लीत सरकारचाच आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव होता. शबानांनी व्यासपीठावरून ठरलेलं बोलण्याऐवजी निषेधाचं निवेदन वाचलं. पद्मश्रीला वर्षही झालं नव्हतं.

१९९८च्या डिसेंबरात शबानांचा ‘फायर’, दोन जावांच्या प्रेमाची गोष्ट, दाखवणाऱ्या मुंबईतल्या चित्रपटगृहांवर शिवसैनिक चालून गेले. सेन्सॉरने चित्रपट एकही कट न देता सोडला होता. पुन्हा तपासणी झाली आणि फेब्रुवारी १९९९मध्ये तो तसाच्या तसा परत लागला. २०००मध्ये ‘वॉटर’मधल्या विधवेच्या भूमिकेसाठी त्यांनी मुंडन केलं, वाराणसीत सेट उद्ध्वस्त झाला, आणि चित्रपट पुढे श्रीलंकेत, दुसऱ्याच नट्यांना घेऊन पूर्ण झाला. इथवरचं तुम्हाला पाठ आहे.

आता २००१. अमेरिकेवरच्या हल्ल्यानंतर जामा मशिदीच्या शाही इमामांनी जिहादची हाक दिली. शबाना म्हणाल्या, यांना विमानातून कंदहारवर सोडा, खुशाल लढू देत. इमामांनी टीव्हीवर त्यांच्याबद्दल जे शब्द वापरले तेही छापण्याजोगे नव्हते. तेव्हा त्या राज्यसभेच्या राष्ट्रपतीनियुक्त सदस्य होत्या (१९९७ ते २००३). संसदेत त्यांच्या बाजूने पक्ष विसरून आवाज उठला.

त्यांची काही वक्तव्यं मला घाईची वाटतात. निवेदनांवर सह्या करण्यात त्यांचा बराच वेळ गेला, असंही माझं मत आहे. चांदिवलीचं काम शंभर सह्यांपेक्षा मोठं. पण ‘एकच बाजू’ हा आरोप टिकत नाही.

माझी मुलगी विशीत आहे. ‘रॉकी और रानी’मधली आजी एवढीच तिची शबाना. सुरुवात कुठून करू? मराठी माणसांशी संबंध असलेलं काही सुचवलंत तर उत्तमच. (बंगळुरू)

त्या आजीने फिल्मफेअर मिळवलाय, तेव्हा सुरुवात वाईट नाही. ‘अंकुर’ने लगेच सुरू करू नका, त्याचा संथपणा विशीत जड जातो. आधी सई परांजप्यांचा ‘स्पर्श’. अंधशाळेचा मुख्याध्यापक नसीरुद्दीन आणि विधवा कविता, दया आणि प्रेम यांतली बारीक रेघ. मग ‘मासूम’. तिसरा ‘निशांत’, पटकथा विजय तेंडुलकरांची, आणि तेंडुलकर म्हटल्यावर रात्री एकटीने बघू नये. ‘पार’ सर्वांत शेवटी. डुकरांचा कळप नदीपार नेणारं ते जोडपं बघून जेवण जात नाही.

सईंचाच ‘दिशा’ फारसा कुणी बघत नाही. गावातली शेती पिकत नाही म्हणून पुरुष मुंबईच्या गिरणीत, आणि मागे राहिलेली बायको विड्यांच्या कारखान्यात कामाला लागून स्वतःच्या पायावर उभी राहते. नाना पाटेकर, ओम पुरी, रघुवीर यादव सगळे आहेत, पण विड्या वळणाऱ्या शबानांकडे बघा. ‘चांगली प्रिंट मिळाली तर बघू’ म्हणत थांबू नका, मिळेल ती लावा.