दहा दिवसांत श्रीनगर आणि मुन्नार?

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत १० दिवसांत दोन्ही करायचंय. रेल्वेने जमेल का? – एक वाचक, सांगली

उत्तर : नाही. जम्मूतल्या कटऱ्याहून केरळमार्गे कन्याकुमारीला जाणारी हिमसागर एक्स्प्रेस आठवड्यातून एकदाच सुटते आणि जवळपास तीन दिवस खाते. पुण्याहून विमानाने आधी श्रीनगर गाठा. पुढे मुन्नारसाठी श्रीनगर–दिल्ली–कोची विमानाचं तिकीट एकाच पीएनआरवर (एकाच बुकिंग क्रमांकावर) काढा. तिकिटं वेगळी असली आणि पहिलं विमान लांबलं, तर दुसऱ्याचे पैसे बुडालेच. श्रीनगर विमानतळावर झडती एकदाच होत नाही, तीन तास आधी पोचा. आपलं प्रीपेड सिम काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं. येताना एर्नाकुलम (कोची)–पुणे पूर्णा एक्स्प्रेस थेट मिरजेत आणते. तीही साप्ताहिकच, म्हणून तिचा वार धरून बाकीच्या तारखा मागे मोजा. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. आणि छत्री घ्याच, दिवाळीत मुन्नारला दुपारनंतर ईशान्य मोसमी पाऊस गाठतो.