सर्व्हरचं कर्नल (लिनक्स सिस्टिमचा गाभा) अपडेट केलं, तरी सुरक्षा तपासणारा स्कॅनर सीव्हीई-२०२४-१०८६ हा कर्नलमधला दोष का दाखवतो?

सोलापुरातल्या टॉवेल कारखान्याचा उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) सर्व्हर म्हणताय, तर बहुतेक रीबूट राहिलाय. नवा कर्नल डिस्कवर उतरतो, पण चालू असतो जुनाच. ‘यूनेम -आर’ ही आज्ञा चालू कर्नलची आवृत्ती दाखवते; तो आकडा ‘/बूट’मधल्या (कर्नलच्या फाइली असतात त्या फोल्डरमधल्या) सगळ्यात नव्या कर्नल फाइलशी ताडून बघा. ‘/बूट’ भरलं असेल तर इन्स्टॉल अर्धवटच राहतं. आधी ‘डीएफ -एच /बूट’ने मोकळी जागा बघा, मग ‘एपीटी ऑटोरिमूव्ह’ने जुने कर्नल काढा.

दोष एनएफ-टेबल्समधला (कर्नलच्या नेटवर्क पॅकेट गाळणाऱ्या भागातला) आहे: मोकळी केलेली मेमरी पुन्हा वापरली जाते आणि साधा युजर रूट (सगळे अधिकार असलेला) होऊ शकतो. मूळ लिनक्समध्ये दुरुस्ती ६.८ मध्ये आली, पण तुमच्याकडे आवृत्ती ६.८ दिसत नाही म्हणून घाबरू नका, उबुंटू दुरुस्ती जुन्या आवृत्तीतच घालतं (नुसता आकडा बघणारे स्कॅनर इथेच फसतात). खात्री कर्नल पॅकेजच्या चेंजलॉगमध्ये (बदलांच्या नोंदीत) करा. रीबूट पाळी बदलताना उरका. तोवर साध्या युजरांसाठी युजर नेमस्पेस (वेगळ्या कप्प्यात रूटसारखे अधिकार देणारी सोय) बंद ठेवा.