बोलावणं त्यांना, निघायचं मात्र दोघांनी

वाचकाचं पत्र, थोडं संक्षिप्त करून:

"माझं वय ६०. हायस्कूलमध्ये गणित शिकवून निवृत्त झाले. यजमान सर्जन, वय ६३. केनियातल्या डोंगराळ भागातल्या एका मिशन हॉस्पिटलनं त्यांना वर्षभर सेवेसाठी बोलावलं आहे. पगार नाही, राहायला जागा देतील. पत्रात माझ्याविषयी एकच वाक्य आहे, 'पत्नीही सोबत येऊ शकतात.' ही बातमी मला घरात कळली नाही. रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांनी ती जाहीर केली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आता निरोप समारंभाची वर्गणीही सुरू झाली आहे. यजमान मिरजेला शिकले, तिथल्या मिशन हॉस्पिटलचं ऋण फेडायचं म्हणतात. घरी ८४ वर्षांच्या सासूबाई आहेत. दीर म्हणतात, आम्ही बघू. मला जायचं आहे की नाही, हेच मला कळेनासं झालं आहे. प्रभूचं पाचारण आहे, त्यात विचारायचं काय, असं यजमानांचं म्हणणं. नाही म्हटलं तर देवालाच नाही म्हटल्यासारखं होईल का? – एक भगिनी, नगर"

ताई, सलाम.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही, तसं होणार नाही. तुम्हाला अजून कुणी विचारलेलंच नाही. हॉस्पिटलनं विचारलं नाही, चर्चच्या मंडळीनं विचारलं नाही आणि घरच्या माणसानंही नाही. जे विचारलंच गेलं नाही त्याला नकार कुठून देणार? तेव्हा देवाचं नाव मधे घेऊन स्वतःला अपराधी ठरवणं आजपासून बंद करा.

तुमचं पत्र मी दोनतीनदा वाचलं. तुम्हाला केनिया खुपत नाहीये. खुपतंय ते हे, की इतक्या वर्षांच्या संसारानंतर आपल्या आयुष्यातलं एक वर्ष कुठे जाणार हे तुम्हाला चर्चच्या बाकावर बसून, चारचौघांबरोबर कळलं. त्या वेळी तुम्हीही टाळ्या वाजवल्या असतील, दुसरं काय करणार? हे डॉक्टरसाहेबांना सांगायला हवं, तेही केनियाचा विषय न काढता. "तुम्ही जाताय याचं वाईट वाटलं नाही, मला आधी सांगितलं नाहीत याचं वाटलं," एवढं एक वाक्य पुरे. त्यांना ते झोंबेल. झोंबू द्या.

त्यांची ओढ मात्र खरी आहे, ती हलक्यात घेऊ नका. कॅनडात जन्मलेल्या डॉ. वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत हॉस्पिटल सुरू केलं. त्याच्या वॉर्डांत सर्जरी शिकलेल्या माणसाला साठीनंतर आपणही परक्या मुलखात जाऊन हात लावावा असं वाटलं, तर मला त्याचं मोल वाटतं. केनियातल्या टेनवेक किंवा किजाबेसारख्या मिशन हॉस्पिटलांत स्थानिक तरुण डॉक्टरांना सर्जरी शिकवण्याचं कामही चालतं. अनुभवी सर्जन तिथे नुसती ऑपरेशनं करून परतत नाही, त्याचं शिकवणं मागे राहतं.

पण नवरा-बायकोनं मिळून जायचं असेल तर दोघांना काम हवं, या मतावर मी ठाम आहे. आफ्रिकेत दवाखाना चालवणारे डॉक्टर अल्बर्ट श्वाइट्झर यांचं नाव तुमच्या घरात नक्की माहीत असेल. १९१३ साली ते गॅबनमधल्या लांबारेनेला गेले, तेव्हा पत्नी हेलेन सोबत होत्या. निघण्याआधी त्यांनी नर्सिंगचं शिक्षण घेतलं होतं. कोंबड्यांचं जुनं खुराडं साफ करून त्यात दवाखाना मांडला होता. डॉक्टर ऑपरेशन करत आणि भूल हेलेन देत. तिथलं काम दोघांचं होतं. पुढे हेलेन यांची तब्येत ढासळली, मुलगी लहान होती, आणि १९२४ साली डॉक्टर लांबारेनेला परत गेले ते पत्नीला युरोपात मागे ठेवून. त्यानंतरची बरीच वर्षं दोघं दोन खंडांत राहिली. एवढ्या मोठ्या माणसांच्या घरातही कोणी जायचं आणि कोणी थांबायचं हा प्रश्न सुटायला सोपा नव्हता, ताई. तुम्हाला तो अवघड वाटतो यात श्रद्धा कमी पडल्याचं काही नाही.

आता तुमचं तिथलं वर्ष डोळ्यांसमोर आणा. सकाळी राउंडला गेलेले डॉक्टरसाहेब दुपारी जेवायला येतील याची खात्री नाही. रात्री दोनला सिझेरियनसाठी फोन येईल, ते बूट घालून निघतील आणि तुम्ही जाग्या राहाल. गेस्ट हाउसच्या खिडकीतून चहाचे मळे दिसतील, हवा गार असेल, शेजारपाजारची माणसं प्रेमळ असतील. चपाती आणि दूध घालून उकळलेला चहा तिथेही घरोघर असतो, त्यामुळे खाण्याचे हाल होणार नाहीत. पण जिनं आयुष्यभर पहिल्या तासाला वर्गात पाऊल ठेवलं, तिनं दिवसभर करायचं काय? पहिला महिना नव्याच्या नवलाईत जाईल. तिसऱ्या महिन्यात तुम्ही त्यांच्यावर चिडाल. ते थकून आलेले असतील, त्यांना तुमच्या चिडण्याचं कारणही कळणार नाही.

म्हणून हॉस्पिटलला तुम्ही स्वतः पत्र लिहा, तुमच्या नावानं आणि तुमच्या ईमेलवरून. मी गणिताची शिक्षिका आहे, मला तिथे कोणतं काम द्याल, असं सरळ विचारा. अशा हॉस्पिटलांना जोडून बहुतेक नर्सिंगचं कॉलेज असतं. तिथल्या मुलामुलींना औषधाचे डोस आणि सलाइनचे थेंब काढायचं गणित पक्कं करून देणारी शिक्षिका कोणाला नको असेल? पाचशे मिलिलीटरची बाटली आठ तासांत जायची तर मिनिटाला थेंब किती, हे ज्या मुलीला झरझर काढता येत नाही तिच्या हातात उद्या पेशंट असणार आहे. शिवाय औषधांच्या स्टोअरचा हिशेब आहे, कर्मचाऱ्यांच्या मुलांचा अभ्यास आहे. मात्र आपल्या येण्यानं तिथल्या कुणाचं पगाराचं काम जाणार नाही ना, हेही विचारा. लहान मुलांबरोबर काम असेल तर ते पोलिसांचा दाखला मागतील. त्यात अपमान काही नाही, उलट असं हॉस्पिटल नीट चाललेलं असतं.

हे पत्र कागदोपत्रीही उपयोगी पडेल. केनियात विनावेतन कामालाही परवानगी लागते, पर्यटक म्हणून जाऊन सेवा करता येत नाही. डॉक्टरसाहेबांना तिथल्या वैद्यकीय परिषदेचा परवानाही घ्यावा लागेल. तुम्ही नुसत्या आश्रित पत्नी म्हणून गेलात, तर त्यासाठी मिळणाऱ्या राहण्याच्या पासवर काम करता येत नाही. म्हणजे तिथे पोचल्यावर बघू, ही वाट तुमच्यासाठी बंद आहे.

आणि वर्षभर कशाला? पहिल्या खेपेला तीन महिने पुरेत. बहुतेक मिशन हॉस्पिटलं थोड्या मुदतीसाठीही लोक घेतात, आणि दोघांनाही आवडलं तर पुन्हा जाता येतं. विमानाचं तिकीट आणि विमा सहसा आपल्या खिशातून जातो. इथली मेडिक्लेम परदेशात बहुधा चालत नाही, तेव्हा विमानानं नैरोबीला हलवण्याचा खर्च ज्यात आहे असाच विमा काढा. येलो फिव्हरची लस निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते, नाहीतर परत येताना आपल्याच विमानतळावर अडवून वेगळं ठेवतात. साठीनंतर या लशीची जोखीम थोडी वाढते, म्हणून सरकारमान्य केंद्रावर वय सांगून आधी बोला. डॉक्टरसाहेबांना एक गोष्ट तुम्हीच विचारा. ऑपरेशन करताना सुई टोचली, तर एचआयव्हीवरचं प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत, आणि जितकं लवकर तितकं चांगलं, सुरू व्हावं लागतं. ते तिथे रात्रीबेरात्री मिळतं का? सर्जन मंडळी हे स्वतःसाठी विचारत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

सासूबाईंचं काय करायचं यावर तुमच्या मूळ पत्रात दिरांचं मत आहे, यजमानांचं आहे, जावेचाही उल्लेख आहे. खुद्द सासूबाई काय म्हणतात ते कुठेच नाही. जे तुमच्या बाबतीत झालं तेच त्यांच्या बाबतीत होतंय, आणि ते तुमच्या हातून होऊ नये. त्यांच्याजवळ बसा, सगळं सांगा, त्यांना कुठे राहायला आवडेल ते विचारा. मग दिरांच्या "आम्ही बघू"चा नीट उलगडा करून घ्या. रात्री कोण झोपणार, गोळ्या कोण देणार, बाई ठेवली तर पैसे कोण देणार, आणि मध्येच काही झालं तर तुमच्यापैकी कोण परत येणार? हे आज बोलताना ओशाळवाणं वाटेल, पण नैरोबीहून फोनवर ठरवण्यापेक्षा सोपं आहे.

एवढं करूनही हॉस्पिटलनं तुम्हाला काम दिलं नाही, किंवा सासूबाईंनी "तू थांब" म्हटलं, तर डॉक्टरसाहेबांनी तीन महिने एकटं जावं आणि तुम्ही त्यांना आनंदानं पाठवावं. त्यांनाही ते जमेल. चहा करायला शिकवा फक्त.

पाळकसाहेबांकडे मात्र या आठवड्यातच जा, दोघं मिळून. अजून काही ठरलेलं नाही, समारंभाची वर्गणी थांबवा, असं डॉक्टरसाहेबांनी त्यांना तुमच्यादेखत सांगायला हवं. जाहीर तिथे झालं होतं, तर दुरुस्तीही तिथेच व्हावी.

हॉस्पिटलचं उत्तर आलं की कळवा. मी वाट बघते.

– तुमची ताई