मँडोलिन घडवण्याआधी मँडोलिन दुरुस्त करायला शिकू द्या

ताई, सप्रेम नमस्कार.

सावंतवाडीहून आलेले आपले पत्र मी दोनदा वाचले. आपला मुलगा बारावीला विज्ञान शाखेत आहे. त्याने माळ्यावर पडून असलेले आजोबांचे मँडोलिन खाली काढले, ते वाजते करण्याच्या नादात दोन महिने घालवले, आणि आता अभियांत्रिकीची प्रवेश परीक्षा न देता इटलीला जाऊन मँडोलिन घडवायला शिकेन असे तो म्हणतो. आपले सासरे मुंबईत गिरणीत असताना गणेशोत्सवातील मेळ्यात हे मँडोलिन वाजवत, म्हणून घरात त्याच्याबद्दल जिव्हाळा आहे. पण या कामावर पोट भरते का आणि त्यासाठी शैक्षणिक कर्ज काढावे का, हे आपण विचारले आहे. कर्जाबाबत माझे मत स्पष्ट आहे: आज काढू नये. पोटाच्या प्रश्नाचे उत्तर एवढ्या थोडक्यात देता येणार नाही.

पत्रासोबतच्या छायाचित्रातले वाद्य इटलीतील नेपल्स शहराच्या पद्धतीचे आहे. त्याची पाठ सपाट नसून कलिंगडाच्या फाकेसारख्या पातळ पट्ट्या एकमेकींना चिकटवून केलेली आहे, आणि समोरची तबली, म्हणजे लाकडाची पातळ फळी, घोडीच्या (तारा जिच्यावर टेकतात तिच्या) जवळ किंचित दुमडलेली आहे. तारा आठ, पण जोड्या चार, आणि स्वरजुळणी व्हायोलिनसारखी. एकोणिसाव्या शतकात नेपल्समधील पास्क्वाले विनाच्चिया या कारागिराने या वाद्याला पोलादी तारा पेलतील असे रूप दिले, आणि त्याच शहरातील कालाचे घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या ते काम पुढे चालवले. पोलादी तारांचा हा ताण अत्यंत पातळ लाकडावर दिवसरात्र असतो, ही गोष्ट आपल्या मुलाने सर्वांत आधी समजून घ्यायला हवी. तबली खचणे, दांडी पुढे ओढली जाऊन तारा पडद्यांपासून (दांडीवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांपासून) उंच जाणे, पाठीच्या पट्ट्यांचे सांधे सुटणे, हे जुन्या मँडोलिनचे नेहमीचे आजार आहेत, आणि कोकणातली पावसाळी दमट हवा त्यांत भर घालते, कारण जुन्या वाद्यांत वापरलेला सरस, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला गोंद, ओलाव्याने आणि उष्णतेने मऊ पडतो.

पण सरसाचा हाच दोष दुरुस्तीच्या कामात गुण ठरतो. सरसाने जोडलेला सांधा गरम पाणी आणि पातळ सुरी वापरून लाकडाला इजा न करता उघडता येतो आणि स्वच्छ करून पुन्हा जोडता येतो. बाटलीतल्या पांढऱ्या गोंदाने किंवा दोन नळ्या मिसळून लावायच्या चिकट पदार्थाने तोच सांधा एकदा बसवला, की पुढच्या कारागिराला तो लाकडाला इजा न करता उघडणे फार अवघड जाते. म्हणूनच मी म्हणतो, की ज्याला वाद्य घडवायचे आहे त्याने आधी काही वर्षे वाद्ये उघडून पाहावीत. दुसऱ्याने शंभर वर्षांपूर्वी तबलीखाली आधाराच्या पट्ट्या कुठे आणि का बसवल्या हे हाताने तपासल्याशिवाय त्या स्वतः कुठे बसवायच्या हे कळत नाही. नवे वाद्य घडवताना झालेली चूक फार तर आपले लाकूड वाया घालवते. पण दुसऱ्याच्या घरातला ठेवा हाती घेतल्यावर सावधपणा आपोआप अंगात भिनतो, आणि या व्यवसायात तोच सर्वांत जास्त उपयोगी पडतो.

आता इटलीविषयी. क्रेमोना येथील व्हायोलिन घडवण्याची शाळा १९३८ पासून चालू आहे आणि तिथल्या व्हायोलिन घडवण्याच्या परंपरेला युनेस्कोने २०१२ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले; पण तिची ओळख मुख्यतः गजाच्या वाद्यांसाठी आहे. छेडून वाजवायच्या वाद्यांचे शिक्षण मिलान शहराच्या वाद्यनिर्मिती शाळेत मिळते. दोन्हीकडे इटालियन भाषेला पर्याय नाही. जो विद्यार्थी रंधा धरायला येत नसताना तिथे जातो, त्याची पहिली वर्षे भाषा आणि हत्यारे यांतच जातात, आणि ती हत्यारे तर आपल्या गावात शिकता येतात. आपल्या गावाची लाकडी खेळण्यांची परंपरा आहे. चितारआळीत जाऊन एखाद्या जुन्या कारागिराजवळ त्याने रोज दोन तास बसावे, पटाशीला धार लावायला शिकावे. इटलीत जाऊनही शेवटी धारेपासूनच सुरुवात करायची आहे.

त्याने बारावी नीट पूर्ण करावी, याबद्दल मी आग्रही आहे. ध्वनी, ताण, लाकडातील ओलावा हे सगळे भौतिकशास्त्र आहे आणि ते त्याला आता कोरडे वाटत असेल, तर त्याला एक उदाहरण द्या. नेपल्स पद्धतीच्या मँडोलिनमध्ये तारेची वाजती लांबी साधारण ३३० मिलिमीटर असते. तिला १७.८१७ ने भागले की १८.५ मिलिमीटर येतात, आणि वरच्या टोकापासून तेवढ्या अंतरावर पहिला पडदा बसतो. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच संख्येने भागले की दुसरा. असे करत गेले की बारावा पडदा बरोबर मध्यावर, १६५ मिलिमीटरवर येतो. हे पडदे कायमचे ठोकलेले असतात, आणि चढ्या स्वरांकडे अर्ध्या मिलिमीटरची चूकही तयार कानाला खटकते. त्याने एका साध्या सागवानी पट्टीवर ही आखणी करून, आरीने खाचा पाडून मला दाखवावी. त्या खाचा सरळ आणि एकसारख्या खोलीच्या येईपर्यंत त्याला किती पट्ट्या लागल्या आणि तो किती वेळा कंटाळला, हे आपण शेजारी बसून पाहा. कोणत्याही कलचाचणीपेक्षा मी यावर अधिक भरवसा ठेवेन.

परीक्षेनंतर मी त्याला मिरजेला पाठवीन. तिथल्या सतारी आणि तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि शिकलगार घराण्यापासून चालत आलेली कारागिरी तिथल्या कारखान्यांत आजही हाताने होते. तबली किती पातळ करावी, लाकडावर टिचकी मारून काय ऐकावे, जवारी कशी काढावी (घोडीचा माथा घासून स्वराला गुंजन कसे आणावे), चपड्याचे पॉलिश थर देत कसे चढवावे, हे तिथे वर्षभरात डोळ्यांखालून जाईल. मात्र मिरजेत मँडोलिन शिकता येईल असे त्याला सांगू नका. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले आणि सरकवता येणारे, तिची पाठ भोपळ्याची. ठोकलेले पडदे आणि उष्णतेने वाकवलेल्या पट्ट्यांची पाठ हा वेगळा अभ्यास आहे. त्यासाठी नंतर पुणे, मुंबई किंवा गोव्यातील गिटार आणि व्हायोलिन दुरुस्त करणाऱ्या कारागिराजवळ उमेदवारी करावी लागेल. हाताला प्रमाणपत्राची जोड हवी असेल, तर आयटीआयमधील सुतारकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रमही चांगला आहे. त्यात कमीपणा वाटून घेऊ नये.

पोटाबद्दल आता मोकळेपणाने लिहितो. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले लक्ष्मीकांत कुडाळकर संगीतकार होण्याआधी मँडोलिनवादक होते, संगीतकार सज्जाद हुसेन यांनी त्यावर राग वाजवले, आणि यू. श्रीनिवास यांनी विजेवरच्या मँडोलिनला कर्नाटक संगीतात मानाचे स्थान दिले. तरीही आपल्या देशात केवळ मँडोलिनवर एका कारागिराचे घर चालेल इतकी वाद्ये वापरात नाहीत. गिटार आहेत, भरपूर आहेत, आणि त्या बिघडतात. गोव्यात चर्चच्या शाळांमधून व्हायोलिन शिकवण्याची जुनी परंपरा असल्याने कितीतरी घरांत जुनी व्हायोलिने आहेत, आणि गोवा आपल्याला तासाभरावर आहे. तेव्हा रोजचे उत्पन्न गिटार आणि व्हायोलिनच्या दुरुस्तीचे, आणि वर्षाकाठी एखादे-दुसरे मँडोलिन मनापासून घडवायचे, अशी वाटणी मला व्यवहार्य दिसते. पहिली चार-पाच वर्षे मिळकत अनियमित राहील. तेवढा काळ घरातून आधार देता येणार नसेल, तर ते त्याला आजच सांगा. त्या माहितीवर त्याला स्वतःचा निर्णय घेता येईल. हाताला वळण आल्यावर, स्वतःच्या कमाईतून किंवा शिष्यवृत्तीवर त्याने इटलीला जावे, आणि तेव्हा कर्जाचा विचार करायलाही माझी हरकत नसेल.

लाकडाविषयी एक सूचना. सह्याद्रीतला शिसव या कामाला उत्तम, पण त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१७ पासून अधिक कडक बंधने आहेत. तयार वाद्यांना २०१९ मध्ये सवलत मिळाली असली, तरी लाकूड घेताना कायदेशीर पावती घेण्याची सवय त्याला सुरुवातीपासून लागू द्या.

आणि आजोबांचे मँडोलिन सध्या आहे तसेच ठेवा. त्याने त्यावर नव्या जाड तारा चढवल्याचे छायाचित्रात दिसते. त्या आजच्या आज सैल करायला सांगा, सर्व आठही, थोड्या थोड्या आळीपाळीने, म्हणजे ताण एकदम सुटून तबलीला धक्का बसणार नाही. नंतर ते सुती कापडात गुंडाळून भिंतीपासून आणि चुलीपासून दूर ठेवावे. पाठीवर सुटलेल्या दोन पट्ट्यांत कोणताही गोंद भरू देऊ नका. ते सांधे त्यानेच उघडून सरसाने बसवावेत, पण मिरजेहून परत आल्यावर.