उन्हाळी इंटर्नशिपला जाताना महागडा लॅपटॉप घ्यावा का?

इलेक्ट्रॉनिक्सचे तिसरे वर्ष संपवून आपण भोसरी एमआयडीसीतील एका कारखान्यात दोन महिन्यांच्या इंटर्नशिपला निघाला आहात, घरचे ७०,००० रुपयांचा लॅपटॉप घेऊन द्यायला तयार आहेत, आणि तो घ्यावा का व कॉलेजात परतल्यावर या दोन महिन्यांचा काही उपयोग होतो का, असे आपण विचारले आहे. मागच्या उन्हाळ्यात मीही अशाच एका कारखान्यात होतो आणि आता शेवटच्या वर्षाला आहे. माझे स्पष्ट मत असे की लॅपटॉप आत्ता घेऊ नका.

मला पहिल्याच दिवशी कंपनीचा डेस्कटॉप मिळाला आणि स्वतःचा लॅपटॉप तिथल्या नेटवर्कला जोडण्याची परवानगी नसल्याचे सांगण्यात आले. हा नियम अनेक ठिकाणी असतो, म्हणून खरेदीआधी एक फोन करून विचारून घ्या. शिवाय मायक्रोकंट्रोलरचा (उपकरण चालवणाऱ्या छोट्या संगणक-चिपचा) प्रोग्राम संकलित (कंपाइल) करायला फार ताकदवान यंत्र लागत नाही.

आमच्याकडे शीतगृहांतील तापमान नोंदवणारे उपकरण तयार होत होते. एसटीएम३२ जातीचा मायक्रोकंट्रोलर आरएस-४८५ या जोडणीच्या तारेवरून मॉडबस या ठरावीक प्रश्नोत्तराच्या पद्धतीने सेन्सरना तापमान विचारत असे. तो विचारणारा भाग मला लिहायला दिला होता आणि माझ्या बोर्डाला दहा-बारा विनंत्यांमागे एखादेच उत्तर मिळत होते. मी चार दिवस तारा बदलल्या, दोन्ही टोकांचे १२० ओहमचे रोध (रेझिस्टर) तपासले, सेन्सरही बदलून पाहिले. पाचव्या दिवशी तिथल्या एका ज्येष्ठ अभियंत्यांनी काडेपेटीएवढा लॉजिक अॅनालायझर (पिनांवरचे संकेत पडद्यावर दाखवणारे उपकरण) माझ्या टेबलावर ठेवला आणि डेटा पाठवणारी पिन व प्रेषण चालू-बंद करणारी पिन एकाच वेळी पाहायला सांगितले.

पडद्यावर कारण उघडे पडले. आठ बाइटच्या विनंतीतला शेवटचा बाइट तारेवर जाण्याआधीच माझा प्रोग्राम प्रेषण बंद करत होता. बफर (पाठवायचा बाइट ठेवण्याची जागा) रिकामा झाला याचा अर्थ प्रेषण पूर्ण झाले असा मी धरला होता, परंतु त्या चिपमध्ये या दोन गोष्टींसाठी दोन वेगळे ध्वज (स्थिती सांगणारे बिट) आहेत, आणि ९६०० बॉडला, म्हणजे सेकंदाला ९६०० बिटांच्या वेगाला, एक बाइट बाहेर पडायला साधारण एक मिलिसेकंद लागतो. शेवटचा बाइट सीआरसीचा (चूक ओळखण्यासाठी जोडलेल्या तपासणी-आकड्याचा) असल्यामुळे सेन्सरला विनंती सदोष दिसे आणि मॉडबसच्या नियमाप्रमाणे तो गप्प राही. डिस्प्लेच्या कामामुळे माझ्या प्रोग्रामला उशीर झाला, तरच तो बाइट पूर्ण बाहेर पडे आणि उत्तर येई. एक ओळ बदलली आणि काम झाले.

तेव्हापासून कोणतेही उपकरण घेताना ते किती वेगवान आहे यापेक्षा त्याने मला काय दिसेल, हे मी आधी पाहतो. पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जाऊन एक चांगला मल्टिमीटर घ्या, आठ वाहिन्यांचा साधा लॉजिक अॅनालायझर घ्या (त्यासाठी पल्सव्ह्यू हे मोफत सॉफ्टवेअर उत्तम चालते), आणि तापमान ठरवता येईल असा सोल्डरिंग आयर्न घ्या. शिकण्यासाठी बोर्ड हवा असेल तर माझी पसंती एसटीएम३२ च्या न्यूक्लिओ बोर्डाला आहे, कारण त्याच्यावरच एसटी-लिंक डीबगर (प्रोग्राममधील चुका शोधण्याचे साधन) असतो आणि प्रोग्राम मध्येच थांबवून रजिस्टरमध्ये (चिपच्या आतल्या नोंदकप्प्यात) काय आहे ते वाचता येते. वायफाय हवे असेल तर ईएसपी३२ स्वस्त आणि समर्थ आहे. आर्डुइनो उनोच्या जुन्या आर३ आवृत्तीवर आपण सर्वच जण शिकलो, तिच्याविषयी मला आदर आहे, पण तिच्या १६ मेगाहर्ट्झ आणि २ किलोबाइट रॅममध्ये कारखान्यातल्या कामाचा अंदाज येत नाही. टॅबलेटची गरज नाही. तारीख घालून लिहिलेली शंभर पानी वही मला अधिक उपयोगी पडली.

आता परतण्याविषयी. जुलैमध्ये प्रयोगशाळेत पुन्हा ८०५१ या जुन्या मायक्रोकंट्रोलरचे संच दिसले तेव्हा मन खट्टू झाले, हे खरे आहे. ही चिप १९८० सालची आहे, आणि नुकताच ३२ बिटांवर काम करून आलेला विद्यार्थी तिच्याकडे तुच्छतेने पाहतो. पण त्याच आठवड्यात सरांच्या परवानगीने मी त्या संचाला माझा अॅनालायझर जोडला. चिपला ठोके देणारा स्फटिक ११.०५९२ मेगाहर्ट्झचाच का वापरतात, हे आम्ही तोंडी परीक्षेसाठी पाठ केले होते. आता त्यातून नेमका ९६०० बॉड निघताना डोळ्यांनी दिसला. बाइट पाठवला असे सांगणारा टीआय ध्वज उभा राहताच एक पिन उंचावण्याचा प्रोग्राम लिहिला, तर ती पिन शेवटचा स्टॉप बिट चालू असतानाच उंचावली, म्हणजे बाइट पुरता संपण्याआधीच. कारखान्यात ज्या चुकीने माझे चार दिवस घेतले, तिचे स्पष्टीकरण दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात होते आणि त्यावर मला पूर्ण गुणही मिळाले होते.

म्हणून आपण निघण्यापूर्वी सीरियल कम्युनिकेशनचे प्रकरण पुन्हा वाचा, आणि कॉलेजातल्या कोणत्या संचांवर शनिवारी काम करता येईल हे सरांना आत्ताच विचारून ठेवा. ऑगस्टनंतर प्रोजेक्टच्या गटांची गर्दी होते आणि प्रयोगशाळेत जागा मिळत नाही.