सही करण्याआधी उतारा पाहा

(यवतमाळ-वाशीम भागात पटवारी म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले काकाजी या सदरात वाचकांच्या घरगुती प्रश्नांना उत्तरं देतात. या खेपेस बहुतेक पत्रं वावराच्या नावावरूनच आली आहेत.)

प्रश्न : काकाजी, बाबा वारले. मृत्युपत्र केलेलं नव्हतं. सात एकर वावर आहे. आम्ही दोघी बहिणी, एक भाऊ. भाऊ म्हणतो, हक्कसोडपत्रावर सही दे, नाहीतर बँक पीककर्ज देत नाही. आई म्हणते, सही दिली नाहीस तर तुझं माहेर तुटेल. काय करू? – एक भगिनी, तालुका मानोरा

उत्तर : ताई, भावाची अडचण खोटी नाही, हे आधी सांगतो. सातबारावर चार नावं सामाईक असली की कर्जासाठी बँक चौघांची संमती मागते. खरीप तोंडावर आलेला, बियाणं घ्यायचं, आणि एक बहीण नाशिकला, दुसरीच्या घरी बाळंतपण. अशा वेळी कास्तकाराचा जीव कसा टांगणीला लागतो ते मी दर मृगाला पाहत आलो. पण त्यासाठी तुम्ही हक्क सोडायची गरज नाही. दरवर्षी पेरणीआधी संमतिपत्र द्या, भावाचं काम होतं. तेही जड जात असेल तर सगळ्यांच्या संमतीनं तहसीलदाराकडे वाटणीचा अर्ज करा. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ मध्ये ती सोय आहे. आपापला सातबारा वेगळा झाला की भाऊ त्याच्या हिश्शावर कर्ज काढायला मोकळा, आणि तुमचा हिस्सा तुम्ही त्यालाच मक्त्यानं (ठरावीक रकमेवर) किंवा बटईनं (पिकाच्या वाट्यावर) देऊ शकता.

आता हक्काचं बोलू. मृत्युपत्र न करता बाप गेला तर त्याच्या मिळकतीत आई, मुलगे आणि मुली यांना सारखा वाटा येतो. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला जन्मानं मुलाइतकाच हक्क आहे. महाराष्ट्रानं १९९४ मध्येच तसा कायदा केला होता, फक्त आधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती देशभर लागू झाली आणि लग्न झालेली, न झालेली हा भेदच राहिला नाही. त्या तारखेला बाप हयात असायला हवा होता का, यावर वाद चालला होता. ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तोही मिटवला. बाप हयात असण्याची अट नाही.

कायदा इतका स्पष्ट असूनही वारसाच्या फेरफारासाठी (म्हणजे सातबारावर वारसांची नावं चढवण्याच्या नोंदीसाठी) येणाऱ्या प्रतिज्ञापत्रात बहिणींची नावंच लिहीत नसत. मी विचारायचो तर उत्तर ठरलेलं, ‘त्या तं आपल्या घरी सुखी हायेत, साहेब.’ बहीण सुखी आहे म्हणून तिचा वाटा आपला होतो, हे मला कधीच पटलं नाही. भाऊ सुखी असला तर त्याचा वाटा कोणी काढून घेतं का? मी असली प्रतिज्ञापत्रं परत करत असे, त्यापायी गावोगाव वाईटपणा घेतला, आणि आजही माझं मत तेच आहे. बहिणीचं नाव लपवणं ही चोरी आहे. ‘तिच्या लग्नात खर्च केला’ असंही म्हणतात. लग्नातलं जेवण गाव जेवून गेलं, आंदण सासरी गेलं. त्यातलं तिच्या नावावर काय राहिलं?

तेव्हा आधी ताजा सातबारा आणि आठ-अ (खात्याचा उतारा) काढा. तुमचं, बहिणीचं आणि आईचं नाव लागलं आहे का ते बघा. फेरफार अजून मंजूर झाला नसेल आणि नाव वगळलं असेल तर तलाठी कार्यालयात लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. (पटवाऱ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, काम तेच.) मंडळ अधिकाऱ्यानं मंजूर केला असेल तर उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील करता येतं. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवलं गेलं की ते फिरवायला कोर्टात वर्षं जातात. ज्या बहिणीला मनापासून भावाला द्यायचं आहे तिनं खुशाल द्यावं, पण कोणते गट, किती आर, हे वाचून द्यावं.

आईवर रागावू नका. तिचं ताट भावाच्या घरी आहे, म्हणून ती भावाच्या बाजूनं बोलते. तिच्याही नावचा वाटा आहे, हे तिला समजावून सांगा. तिनं तो सोडता कामा नये, हे मी तुमच्या हिश्शापेक्षाही जास्त कळकळीनं सांगतो. म्हातारपणी हातात काही नसलेल्या बाईला सुनेच्याच नव्हे, पोटच्या पोराच्या घरातही दबून राहावं लागतं.

प्रश्न : वय ७१. मुलगा म्हणतो, आता वावर माझ्या नावानं करून द्या, तुम्हाला काय करायचं? मुलगा चांगला आहे. बक्षीसपत्र करू का? – एक कास्तकार, तालुका दारव्हा

उत्तर : करू नका, भाऊ. मुलगा चांगला आहे हे मी मान्य करतो, तरी करू नका. कसण्याचा अधिकार द्या, पिकाचा पैसा त्याच्या हाती द्या, मालकी राहू द्या. कोणाला काय द्यायचं ते मृत्युपत्रात लिहा. दोन साक्षीदार लागतात. नोंदणी सक्तीची नाही, तरी करून घ्या, पुढचे वाद कमी होतात. मृत्युपत्र हयातीत कितीदाही बदलता येतं, बक्षीसपत्राचं तसं नाही.

करायचंच ठरलं तर दोघा नवराबायकोचा सांभाळ करण्याची अट त्यातच लिहून घ्या. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ चा कायदा आहे. त्याच्या कलम २३ खाली, सांभाळाच्या अटीवर दिलेली मिळकत सांभाळ झाला नाही तर परत मागता येते. अट कागदावर असली की तुमची बाजू भक्कम. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणाकडे करायचा. महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत पोटगीही तिथे मागता येते. पण ज्या बापानं त्या कचेरीची पायरी चढली त्याचं घर पुन्हा पहिल्यासारखं झालेलं मी पाहिलेलं नाही, म्हणून सांगतो, ती वेळच आणू नका.

प्रश्न : तेरवीला गावजेवण द्यावंच लागेल असं भाऊबंद म्हणतात. हातात पैसा नाही. एक जण वावराचं खरेदीखत करून घेऊन पैसे द्यायला तयार आहे. – एक वाचक, तालुका आर्णी

उत्तर : अजिबात नाही. घरच्यांपुरता वरणभात करा आणि दिवस निभवा. गाडगेबाबा आपल्याच अमरावती जिल्ह्यातले. त्यांनी आयुष्यभर कीर्तनातून हेच सांगितलं, ऋण काढून सण करू नका. स्वतःच्या लेकीच्या बारशाला त्यांनी रिवाजाचं दारू-मटण बंद करून गोड जेवण घातलं. भाऊबंदांचा राग तेव्हाही आला असेलच.

आणि ते खरेदीखत म्हणजे अवैध सावकारी. कर्जाला तारण म्हणून विक्रीचा कागद करून घेणं ही जुनी चाल आहे. पैसे फेडूनही वावर परत न मिळालेली माणसं प्रत्येक तालुक्यात आहेत. २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकाकडे तक्रार करता येते, आणि चौकशीत सावकारी सिद्ध झाली तर जमीन परत देण्याचा आदेश होऊ शकतो. ज्यांचा असा कागद होऊन बसला आहे त्यांनी सहायक निबंधकाच्या कार्यालयात आजच जावं.

प्रश्न : मुलगा ३३ वर्षांचा, पदवीधर. नऊ एकर ओलिताची शेती. कास्तकार म्हणून कोणी पोरगी देत नाही. आजकालच्या पोरींच्या अपेक्षाच फार. – एक आई, तालुका दिग्रस

उत्तर : बाई, तुमचं दुःख घरोघरी आहे, पण पोरींना बोल लावू नका. या मुली यवतमाळ जिल्ह्यात वाढल्या. कर्जापायी बाईचा नवरा गेला, आणि ज्या वावरात ती जन्मभर निंदण-वेचणी करत आली तिथे तिचं नावच नाही, हे त्यांनी आत्याच्या, मावशीच्या घरी पाहिलं आहे. त्या घाबरतात, आणि त्यांचं घाबरणं रास्त आहे.

१९९० च्या सुमारास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली होती, नवऱ्यानं आपल्या जमिनीत बायकोचं नाव लावायचं. सरकारनंही १९९२ मध्ये परिपत्रक काढून नवऱ्याच्या संमतीनं सहहिस्सेदार म्हणून बायकोचं नाव लावायची वाट केली. पुढे ते मागं पडलं, याचं मला फार वाईट वाटतं. तुम्ही ते पुन्हा सुरू करा. मुलगी पाहायला जाल तेव्हा हुंड्याचा विषय काढू नका, उलट तुमच्या मुलाला सांगू द्या की लग्नानंतर माझ्या हिश्शात तिचं नाव लागेल. आणि ते बोलणं खरं वाटावं म्हणून आधी तुमचं बघा. नऊ एकरांच्या त्या उताऱ्यावर तुमचं स्वतःचं नाव आहे का? नसेल तर यजमानांना घेऊन याच आठवड्यात तलाठी कार्यालयात अर्ज द्या.